बाळंतपणाची रजा: एकट्या आईला की दोघांना?

कुपवाडच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराला बाळंतपणाची रजा म्हटलं की आधी पगाराचा हिशेब सुचतो. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली, पण पैसे मालकानेच द्यायचे. बाई ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, असेल तर तिला तिथून मिळतात. नसेल, तर नवीन लग्न झालेल्या मुलीला कामावर घेतानाच हात आखडतो. उघड कुणी बोलत नाही, एवढंच.

स्वीडनमध्ये १९७४ पासून रजा दोघांची. आता एका मुलामागे ४८० दिवस, आणि त्यातले आईचे ९० आणि बापाचे ९० एकमेकांना देताच येत नाहीत. बापाने घेतले नाहीत तर बुडाले. भत्ता सामाजिक विम्यातून येतो, त्यामुळे मालकाची कुरकुर कमी. आपल्याकडे केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीत असा कायदाच नाही.

पण सांगलीकडे पहिलं बाळंतपण माहेरी. बाळंतीण जतला, बाप रविवारी एसटीने जाऊन बाळ बघून येणार. त्या दिवसांत बापाला रजा दिली तर जावयाचा पाहुणचारच व्हायचा! खरी गरज पडते ती आई पुन्हा कामावर जाते तेव्हा. बापाची रजा तिथे ठेवली आणि खर्च विम्यावर टाकला, तर मला दोघांना रजा देण्याचा मार्ग पटतो. मात्र आईच्या २६ आठवड्यांना हात न लावता.