नाना पेठेतला रेडियमवाला: पाटी चोख, तारीख बेभरवशाची

आमच्या सोसायटीच्या गेटपाशी उतार आहे, डिलिव्हरीवाली पोरं तिथून सुसाट येतात. कमिटीने अस्सल पुणेरी मजकूर तयार केला होता, तीन ओळींचा, शेवटी टोमण्यासकट. तो घेऊन मी नाना पेठेतल्या या दुकानात गेले. मालकांनी वाचला, हसले आणि कागद परत दिला. "ताई, गाडीवरून एवढं कोण वाचतं?"

त्यांचा सगळा भर आयआरसी 67 वर, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या चिन्हांच्या संहितेवर. लाल कडेचं वर्तुळ असलं की तो हुकूम, उभा त्रिकोण असला की सावध राहा, निळा आयत म्हणजे माहिती. आठ कोन मात्र एकट्या स्टॉपला. त्यामुळे पाटी मळलेली असो नाहीतर पाठमोरी, नुसत्या आकारावरून कळते. आतला रस्ता आपलाच, पण बाहेर रोज दिसतं तेच आत लावलं तर पाय आपसूक ब्रेकवर जातो, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. एक स्टॉप आणि वेगमर्यादेची एक गोल पाटी सांगितली. गोलावर नुसता आकडा, बाकी एक अक्षर नाही. कमिटीतले लेखक अजून रुसलेले आहेत.

पाटीवर चिकटवायची चमकणारी शीट (आपण जिला रेडियम म्हणतो ती) निवडताना दुकानातला दिवा बंद करून त्यांनी मोबाईलचा टॉर्च डोळ्याशेजारी धरायला लावला. साधी इंजिनिअरिंग ग्रेड मंद उजळली, षटकोनी जाळीची हाय इंटेन्सिटी लख्ख पेटली. टॉर्च हातभर बाजूला नेला आणि दोन्ही विझल्या! प्रकाश जिथून येतो तिकडेच परत जातो, म्हणून हेडलाइटमागे बसलेल्याला पाटी दिसते. ऑनलाइन मिळणाऱ्या फोमबोर्डच्या दुप्पट पैसे गेले, पण ॲल्युमिनियमवरचं काम सुबक आहे, कडा घासलेल्या, मागची बाजू करडी.

आता तक्रारी. गणपतीच्या तोंडावर ऑर्डर देऊ नका, मंडळांच्या कामापुढे आपल्याला कोणी विचारत नाही. खांब आला तो पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा. संहितेत काळे-पांढरे, 25 सेंटिमीटरचे. ज्यांनी मला संहिता शिकवली त्यांच्याच कारागिराने हे करावं! रंगवून दिला, पण चार फोन केल्यावर. बसवणारा माणूस पाटी छातीच्या उंचीवर ठोकायला निघाला होता. फुटपाथ असेल तिथे खालची कड 2.1 मीटरवर हवी, नाहीतर फिरायला निघालेल्या आजोबांचं कपाळ फुटायचं. बसवताना टेप घेऊन स्वतः उभे राहा. पाचपैकी चार.