झेड-८० च्या नावाखाली घासलेल्या चिप्स विकतायत, घेण्याआधी हे वाचा

कॉलेजात ८०८५ प्रोसेसरच्या किटवर हेक्स कीपॅड बडवून प्रोग्रॅम टाकलेत त्यांना माझी हौस लगेच कळेल, एकदा तरी अख्खा कॉम्प्युटर आपल्या हाताने बनवायचा. मी झेड-८० हा जुना प्रोसेसर घ्यायचं ठरवलं, ३२ के रॅम, ३२ के ईईप्रॉम (वीज गेली तरी प्रोग्रॅम टिकवणारी मेमरी), एक सिरीयल पोर्ट, सर्किट स्वतः काढलं आणि पीसीबी करून घेतली. नेमकं एप्रिल २०२४ मध्ये ती बनवणाऱ्या झायलॉग कंपनीने जाहीर केलं की १९७६ पासून चालत आलेली ही चिप आता बंद, शेवटच्या ऑर्डरी जूनपर्यंतच, आणि सगळ्यांची पळापळ सुरू झाली, माझीही. ऑनलाइन एका सेलरकडे २० मेगाहर्ट्झवाल्या सीमॉस (म्हणजे नंतरच्या, कमी वीज खाणाऱ्या प्रकारच्या) चिप्स मिळाल्या, "नवीन, ओरिजिनल", बाकीच्यांच्या निम्म्या भावात. पाच घेतल्या.

४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर (चिपचा वेग ठरवतो तो) बोर्ड चालायचा. ७.३७२८ चा लावला (६४ ने भागलं की सिरीयल पोर्टचा बरोबर १,१५,२०० बॉडचा वेग मिळतो म्हणून तोच लावतात) की कधी प्रॉम्प्ट यायचा, कधी नुसती कचरा अक्षरं, आणि दहा मिनिटांत हँग. चिपवर संशय घ्यायचं डोक्यातच आलं नाही हो, डिझाइन आपलं म्हणजे चूकही आपलीच असणार असं धरून मी कपॅसिटर बदलले, ग्राउंडला जास्तीच्या वायरी मारल्या, पुण्यात पसोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन नवीन ७४एचसी१३८ (कुठली मेमरी निवडायची ते ठरवणारी डिकोडर चिप) आणली, चांगल्या बोर्डाचे दोन ट्रॅक कापले. तीन रविवार गेले.

मग एकदा हँग झाल्यावर सहज चिपवर बोट ठेवलं तर चटकाच बसला. सीमॉस चिप या स्पीडला एवढी तापायला नको. पाचव्होल्टच्या पायात मल्टीमीटर लावला तर एकटी चिप १६० मिलीअँप खात होती, हे तर जुन्या, जास्त वीज खाणाऱ्या एनमॉस प्रकारच्या झेड-८० चं खाणं आहे. मग पक्कं करायला ईडी ७१ ही कागदोपत्री नसलेली इन्स्ट्रक्शन चालवली. ती एनमॉसवर पोर्टला ०० पाठवते आणि सीमॉसवर एफएफ, त्यामुळे पोर्टवर आठ एलईडी लावले की डोळ्यांनी दिसतं. माझ्या पाचही चिप्सवर आठच्या आठ एलईडी विझलेले.

कापसावर ॲसिटोन घेऊन वरून घासलं तर कापूस काळा झाला, रंगाखाली सँडपेपरच्या आडव्या रेघा, आणि एका कोपऱ्यात जुन्या छपाईचा अर्धा आकडा. वर पाचहींवर तारीख एकच पण उलट्या करून पाहिल्या तर खालचे साच्याचे शिक्के तीन वेगवेगळ्या प्रकारचे. पायांना नव्याने कथील चढवलेलं, म्हणून चकचकीत. जुन्या बोर्डांवरून काढलेला माल होता तो. आणि डिकोडरची भानगड पण तेव्हा उलगडली, एनमॉसच्या डेटाशीटमध्ये हाय (म्हणजे १) साठी २.४ व्होल्टचीच हमी असते आणि ७४एचसी ला ५ व्होल्टवर ३.५ लागतात. कमी व्होल्टही हाय धरणारी एचसीटी प्रकारची असती तर कदाचित चाललं असतं आणि मला कळलंही नसतं.

जुनी एनमॉस चिप वाईट नाही, तशी सांगून विकली असती तर मी ४ मेगाहर्ट्झचा बोर्ड आनंदाने बनवला असता. राग खोटं बोलल्याचा आहे. सेलर म्हणाला तुम्हीच स्टॅटिकने उडवली असेल, आणि तसंही रिटर्नची मुदत संपलीये. म्हणून माल आला की त्याच दिवशी उलटी बाजू बघा, ॲसिटोन लावा, करंट मोजा, हे सगळं पार्सल उघडतानाच्या व्हिडिओसकट, आणि चिप बोर्डावर सोल्डर न करता सॉकेटमध्येच लावा. मी सॉकेट लावलं होतं म्हणून बोर्ड तरी वाचला.

नंतर अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडून एकच चिप मागवली, भाव दुप्पट. लावल्या लावल्या आठही एलईडी पेटले, कापलेले ट्रॅक वायरने जोडले आणि ७.३७२८ वर रात्रभर चालू ठेवला, सकाळी प्रॉम्प्ट तसाच होता आणि चिप हाताला गार. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केलीये, फोटो आणि करंटचे आकडे जोडून. पैसे अजून आलेले नाहीत.