स्टॉकहोमच्या ग्रँड हॉटेलमधील तीन रात्री

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त जूनमध्ये आम्ही नाशिकहून स्टॉकहोमला गेलो आणि १८७४ साली सुरू झालेल्या ग्रँड हॉटेलमध्ये तीन रात्री राहिलो. रेजी कादिए या फ्रेंच आचाऱ्याने उभारलेली ही वास्तू पाण्याच्या काठावर, राजवाड्याच्या अगदी समोर उभी आहे. मेलारेन सरोवराचे गोडे पाणी जिथे बाल्टिक समुद्राला मिळते तो प्रवाह खिडकीतून दिसत होता, आणि गोदाकाठी वाढलेल्या आम्हा दोघांना त्याच्यापुढून उठवत नव्हते. रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळल्यानंतरही आकाशात इतका उजेड रेंगाळत असे की खिडकीचे जाड पडदे पूर्ण ओढल्याखेरीज झोप लागत नसे.

१९०१ पासून १९२९ पर्यंत नोबेल पारितोषिकाची मेजवानी याच हॉटेलात होत असे. तो आरसेमहाल पाहताना मन खरोखर भरून आले. न्याहारीला खारवलेल्या हेरिंग माशापासून कुरकुरीत राय-पावापर्यंत सारे होते, पण ह्यांना आवडले ते 'फिलम्योल्क', म्हणजे आपल्या पातळ दह्यासारखे आंबवलेले दूध, त्यावर आंबटगोड लिंगनबेरीचा चमचाभर मुरंबा घालून. भाडे जबर आहे, तेव्हा मुक्काम दोन रात्रींचाच ठेवला तरी चालेल. मात्र पैसे वाचवण्यासाठी मागच्या बाजूची खोली घेऊ नये, पाण्याकडचीच मागावी. जुन्या शहरात, म्हणजे गामला स्तानमध्ये, पूल ओलांडून काही मिनिटांत पायी पोहोचता येते.