झूम एफ३ : माहितीपट आणि मैफलीसाठी दोन चॅनेलचा रेकॉर्डर

माहितीपटाच्या चित्रीकरणासाठी किंवा एखादी मैफल टिपण्यासाठी सोबत नेता येतील असे रेकॉर्डर आज बाजारात पुष्कळ आहेत. त्यांतला २०२२ साली आलेला झूम कंपनीचा एफ३ मला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला वाटतो, कारण काय वगळायचे याचा निर्णय त्याच्या निर्मात्यांनी धीटपणे घेतला आहे. यात स्वतःचा मायक्रोफोन नाही आणि आवाजाची पातळी ठरवणारा गेनचा नॉबही नाही. तळहातावर मावणाऱ्या या पेटीत घट्ट अडकून बसणारे दोन एक्सएलआर इनपुट (माइकची तीन पिनांची व्यावसायिक जोडणी), आवाजाचा आलेख दाखवणारा छोटा पडदा आणि सरकवून चालू करायचे रेकॉर्डिंगचे बटन, एवढाच मुख्य ऐवज आहे.

गेनचा नॉब लागत नाही, याचे कारण ३२-बिट फ्लोट, म्हणजे अतिशय हळू ते अतिशय मोठा आवाज एकाच फाइलीत सामावून घेणारी नोंदीची पद्धत. प्रत्येक इनपुटमागे दोन रूपांतरक (माइककडून आलेल्या सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणारे भाग) असतात. एक हळू आवाज सांभाळतो, दुसरा मोठा, आणि दोघांचे काम एकत्र करून फाइल तयार होते. मंद्र सप्तकातल्या आलापाने सुरू होऊन द्रुत तानांपर्यंत आणि तबल्याच्या तिहाईपर्यंत जाणारा ख्याल रेकॉर्ड करणाऱ्याला याचे मोल लगेच कळेल. जुन्या पद्धतीत सर्वांत मोठा आवाज गृहीत धरून पातळी खाली ठेवावी लागे, आणि मग आलाप वर उचलताना त्याच्याबरोबर यंत्राची खरखरही वर येत असे. एफ३ मध्ये पातळी नंतर संपादनाच्या टेबलावर ठरवता येते. माहितीपटात एकट्याने कॅमेरा आणि ध्वनी दोन्ही सांभाळणाऱ्यासाठी तर हा फार मोठा दिलासा आहे.

मात्र ‘३२-बिट असले की आवाज फाटतच नाही’ हे विक्रेत्यांकडून ऐकायला मिळणारे वाक्य मला धोकादायक वाटते. रेकॉर्डरच्या माइक इनपुटलाही मर्यादा आहे. ती +४ डीबीयू (सिग्नलची पातळी मोजण्याचे एकक) असून त्यापुढचा सिग्नल असेल तर इनपुट लाइनवर, म्हणजे मिक्सरसारख्या उपकरणांच्या जोरदार सिग्नलसाठीच्या स्थितीवर, घ्यावा लागतो, तेथे ती +२४ डीबीयू आहे. त्याही आधी मायक्रोफोनची स्वतःची मर्यादा येते. सिनेमात सर्रास वापरला जाणारा सेनहायझर एमकेएच ४१६ हा माइक सुमारे १३० डेसिबलपर्यंतचा आवाज सांभाळतो. गणेशोत्सवातल्या ढोल-ताशा पथकात ताशाच्या अगदी जवळ असा नाजूक माइक धरला आणि आवाज माइकमध्येच फाटला, तर कोणताही रेकॉर्डर तो दुरुस्त करू शकत नाही. तेथे मोठा आवाज सोसणारा साधा डायनॅमिक माइक किंवा चार पावले मागे सरकणे हाच उपाय आहे. घुमणाऱ्या खोलीत लांबून घेतलेला संवादही ३२-बिटमुळे जवळचा होत नाही. म्हणून ज्यांचे बजेट मर्यादित आहे त्यांनी रेकॉर्डरवर वाचलेले पैसे चांगला माइक, बूम (माइक धरायची लांब काठी) आणि वाऱ्यासाठी केसाळ आवरण यांवर खर्च करावेत, असे माझे ठाम मत आहे. उघड्या माळावर किंवा घाटात या आवरणाशिवाय केलेले रेकॉर्डिंग बहुधा वाया जाते.

कथापटासाठी मात्र एफ३ अपुरा पडतो. एक बूम आणि दोन पात्रांना दोन लेपल (कपड्यांना लावायचे छोटे माइक) म्हटले की तीन इनपुट हवेत, आणि येथे दोनच आहेत. अशा कामाला झूमचाच सहा इनपुटचा एफ६ किंवा साउंड डिव्हायसेसचा तीन एक्सएलआर इनपुट असलेला मिक्सप्री-३ टू पाहावा. दोन्हींत ३२-बिट फ्लोट आहे, आणि हाताने फिरवायचे नॉब असल्यामुळे चालू दृश्यात पात्रांचे आवाज तिथल्या तिथे मिसळता येतात. टाइमकोडचीही, म्हणजे चित्र आणि ध्वनी नंतर जुळवता यावेत म्हणून दोन्हींवर नोंदवल्या जाणाऱ्या सामाईक वेळेचीही, एफ३ मध्ये थेट सोय नाही. त्यासाठी वेगळे ब्लूटूथ अॅडॉप्टर आणि टाइमकोडचे उपकरण घ्यावे लागते. त्यापेक्षा लाइन आउटमधून एक वायर कॅमेऱ्याला जोडावी आणि प्रत्येक शॉटला क्लॅप द्यावा. जुळवणी निर्धास्त होते.

विजेचे गणित आधीच करून ठेवावे. यंत्र दोन पेन्सिल सेलवर चालते, पण बाहेरून वीज लागणाऱ्या दोन कंडेन्सर माइकना ४८ व्होल्ट फँटम (रेकॉर्डरने माइकच्या वायरीतूनच पुरवलेली वीज) द्यावे लागले की सेल झपाट्याने उतरतात. लांबलचक मैफलीला यूएसबी-सीवर पॉवर बँक लावणेच योग्य. ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) दोन चॅनेलचे तासाभराचे रेकॉर्डिंग सुमारे १.४ जीबी होते, त्यामुळे कार्डावर जागेची चणचण भासत नाही. मायक्रोएसडी कार्ड मात्र एकच बसते आणि दुसरी प्रत आपोआप होत नाही. म्हणून कार्यक्रम संपताच, कार्ड रिकामे करण्यापूर्वी, फाइली लॅपटॉपवर आणि आणखी एका डिस्कवर उतरवून त्या हेडफोन लावून ऐकून घ्याव्यात.