जुन्या आणि नव्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचे व्ह्यूफाइंडर: उजेडाची तुलना

रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला, म्हणजे लेन्सपासून वेगळ्या असलेल्या, दृश्य पाहण्याच्या खिडकीला, उजळ म्हणताना आपण बहुधा संपूर्ण दृश्याच्या उजेडाविषयी बोलत असतो. फोकस मात्र मधल्या लहान चौकोनावर, म्हणजे पॅचवर, ठरतो: तिथे दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळल्या की फोकस बरोबर. दृश्य आणि पॅच या दोहोंचे हित परस्परविरोधी असते. पॅचमधली दुसरी प्रतिमा मुख्य दृश्यात मिसळण्यासाठी अर्धपारदर्शक आरसा लागतो. तो जितका अधिक प्रकाश सरळ जाऊ देईल तितके दृश्य उजळ दिसते आणि पॅच फिका पडतो. शिवाय लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के प्रकाश परावर्तित करतो, त्यामुळे लेपांचा दर्जा हाही नव्या-जुन्यातील मोठा फरक ठरतो.

1954 साली आलेल्या लायका एम3चा व्ह्यूफाइंडर आजच्या मानाने किंचित मंद वाटतो. तरीही त्याच्या पॅचच्या कडा इतक्या रेखीव आहेत की समोरच्या वस्तूत जुळवायला उभी रेघ नसली तरी त्या कडेवरूनच फोकस जुळवता येतो. 0.91 पट विवर्धनामुळे (दृश्य किती मोठे दिसते त्या प्रमाणामुळे) त्याची परिणामकारक बेसलाइन, म्हणजे रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधले अंतर गुणिले विवर्धन, सुमारे 62 मिलिमीटर भरते; ती जितकी लांब तितका फोकस अचूक. एम6 (1984) मध्ये विवर्धन 0.72 आहे आणि दृश्य मोकळे वाटते. परंतु त्याआधीच्या एम4-2 पासून रेंजफाइंडरमधील एक भिंग वगळले गेले होते, त्यामुळे प्रकाश तिरका आला की पॅच पांढुरका होऊन दिसेनासा होतो. डोळा थोडा बाजूला सरकवला की तो परत येतो, पण घाईच्या क्षणी ही कसरत कोण करणार? ते भिंग 2003च्या एमपीमध्ये परत आले.

निव्वळ उजेडाचा विचार केला तर माझ्या पाहण्यातील सर्वांत स्वच्छ खिडकी जपानमध्ये कोसिनाने बनवलेल्या झाइस इकॉनची आहे. 0.74 पट विवर्धन आणि दोन खिडक्यांमधले 75 मिलिमीटर अंतर यांमुळे त्याची परिणामकारक बेसलाइनही एम6पेक्षा लांब, जवळजवळ 56 मिलिमीटर, आहे. मात्र डोळा मध्यावर नसेल तर त्याचा पॅच लवकर विरतो. 2017च्या लायका एम10मध्ये विवर्धन 0.73 असून लेन्सच्या चित्राची हद्द दाखवणाऱ्या चौकटी एलईडीने उजळतात. त्यामुळे मंद प्रकाशातही त्या ठळक दिसतात, पण कॅमेरा बंद असताना दिसत नाहीत, ही गैरसोय मला अजूनही खटकते.

संध्याकाळी घरात 50 मिलिमीटरची लेन्स पूर्ण उघडून चित्रे घ्यायची असतील तर मी एम3 निवडेन. 35 मिलिमीटरसाठी, आणि त्यातही चष्मा लावणाऱ्याने, झाइस इकॉन किंवा एम10 पाहावा, कारण एम3मध्ये 35ची चौकटच नाही.

जुना कॅमेरा घेताना मॉडेलपेक्षा त्या नगाची अवस्था पाहावी. समोरच्या खिडकीतून टॉर्च मारल्यास आतल्या काचांवरचा धूसर थर लगेच दिसतो आणि तो साफ झाला की मंद वाटणारा व्ह्यूफाइंडर पुष्कळदा खुलतो. एम3चे प्रिझम मात्र चिकटवलेले असल्याने कॅमेरा आपटल्यास त्याचा सांधा सुटून दृश्य काळवंडते, आणि ती दुरुस्ती महागात पडते. यशिका इलेक्ट्रो 35 किंवा कॅनोनेटसारख्या स्वस्त कॅमेऱ्यांचा आरसा कापसाने घासू नये. त्याचा पातळ चंदेरी थर कापसाबरोबरच निघून येऊ शकतो आणि मग दृश्य लखलखीत, पण पॅच गायब, अशी अवस्था होते.