घरी येऊन कॅलिपर रंगवून देणाऱ्यांपासून सावध राहा

पुण्यातल्या सिंहगड रोड, धायरी, वारजे भागातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात फिरते आहे. काळंभोर अलॉय व्हील, त्याच्या आड लालभडक कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर, म्हणजे डिस्कवर, ब्रेक पॅड दाबून गाडी थांबवणारा भाग), आणि खाली मजकूर: 'घरपोच ब्रेक कॅलिपर पेंटिंग, एका कॅलिपरचे फक्त १,१०० रुपये, हाय टेम्परेचर पेंट, तीन वर्षांची वॉरंटी.' या लोकांनी मला फसवलं आहे. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण खरा संताप याचा आहे की गाडीच्या ब्रेकची वाट लावून ही माणसं बिनदिक्कत पुढच्या सोसायटीत जातात. म्हणून जे घडलं ते सगळं लिहिते आहे.

माझी स्विफ्ट आहे. पावसाळ्यानंतर पुढचे कॅलिपर गंजून तपकिरी झाले होते. कॅलिपर बहुतेक ओतीव लोखंडाचे असतात, त्यामुळे पुण्यातल्या पावसात त्यांच्यावर गंज धरतोच. तो वरवरचा असतो, ब्रेकला त्याने काही होत नाही, पण अलॉयच्या फटींतून दिसतो आणि डोळ्यांना खुपतो. जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस अगदी अदबीने बोलला. "मॅडम, माल थेट चाकणच्या ब्रेम्बोच्या कारखान्यातून येतो," असं त्याने सांगितलं. ब्रेम्बो ही ब्रेक बनवणारी नावाजलेली इटालियन कंपनी आहे आणि तिचा चाकणला कारखाना आहे, हे खरं. पण तिथून या लोकांना रंग मिळतो, ही शुद्ध थाप. पुण्यात ज्याला गाड्यांची थोडीफार माहिती आहे त्याला ही थाप लगेच पटते, आणि ते हे नीट जाणून आहेत.

दोन मुलं स्कूटरवर एक सॅक घेऊन आली. माझी ऑफिसची मीटिंग चालू होती म्हणून बाबा खाली पार्किंगमध्ये थांबले. "काका, रंग उडतो, तुमच्या छातीला त्रास होईल, तुम्ही घरी जाऊन बसा," असं म्हणून त्यांनी बाबांना वर पाठवलं. हे वाक्य लक्षात ठेवा. काम चालू असताना समोर कोणी नको, यासाठीच ते असतं.

थोड्या वेळाने फोन आला, "मॅडम, खाली या, तुमचे ब्रेक पॅड संपलेत." खाली गेले तर पुढचं डावं चाक काढलेलं, गाडी फक्त डिकीतल्या जॅकवर, आणि मुलाच्या हातात पत्र्यापर्यंत झिजलेला एक पॅड. "असेच चालवलेत तर डिस्क जाईल." नवीन जोड त्याच्या सॅकमध्ये तयारच होती, २,४०० रुपयांना. तासाभराच्या आत सगळं आटोपलं. चार कॅलिपरचे ४,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७९२, आणि पॅडचे २,४००, असे एकूण ७,५९२ रुपये. पैसे कुठल्या दुकानाच्या खात्यावर नाही, एका माणसाच्या खासगी यूपीआय आयडीवर गेले.

दिसायला काम झकास होतं. शहरात चालवताना काही कळलंही नाही. मग आम्ही सगळे सिंहगडावर गेलो. गडावरून गोळेवाडीकडे उतरताना गाडी ब्रेक दाबला की डावीकडे ओढायला लागली आणि आत जळक्या रंगाचा वास भरला. गाडीत आई-बाबा आणि भावाची लहान मुलगी होती. पहिल्या गिअरमध्ये, कडेकडेने, थांबत थांबत आम्ही खाली आलो. डाव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता, उजवं त्यामानाने कोमट होतं. कॅलिपरवरचा लाल रंग फुगून त्याचे पापुद्रे निघत होते.

दुसऱ्या दिवशी वडगावच्या आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्या काकांनी चाक काढलं. त्यांनी मला जवळ बोलावून एकेक गोष्ट दाखवली. पॅडची दोन टोकं ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅड धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या, खाचांमध्ये मागेपुढे सरकायला हवीत. ब्रेक सोडला की पॅड जरासा मागे यावा आणि डिस्क मोकळी फिरावी, यासाठी ती जागा स्वच्छ लागते. तिथे रंगाचा जाड थर बसला होता. काकांनी पॅड बोटांनी ढकलून पाहिला, तो हललाच नाही. स्क्रू ड्रायव्हरने उचकटला तेव्हा लाल रंगाची कड कटकन तुटली. म्हणजे डावा ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता, पॅड सतत डिस्कला घासत होता, आणि म्हणून तो तापत होता. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांतल्या एकीचा रबरी बूट (आवरण) तारेच्या ब्रशने फाटला होता. आत धूळ, पाणी गेलं की ती पिन जाम होणार हे ठरलेलं. ब्रेक ऑइलमधली हवा काढायच्या निपलवरची रबरी टोपी गायब होती आणि निपलचं तोंड रंगाने बुजलेलं होतं. डिस्कच्या आतल्या बाजूलाही फवारा उडाला होता, तो पॅडवर घासला गेला होता.

"ताई, मागे कॅलिपर कुठले रंगवले त्यांनी?" काकांनी विचारलं. स्विफ्टला मागे ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाच्या आत गोल डब्यात बंद असलेले ब्रेक, असतात. तिथे कॅलिपर नसतोच. ड्रमवर लाल रंग मारून त्यांनी दोन कॅलिपरचे २,२०० रुपये आणि त्यावरचा कर घेतला होता. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रमच असतात, तेव्हा 'चारही कॅलिपर' असं कोणी म्हणालं की आधी आपल्या गाडीच्या मागे काय आहे ते बघा.

मला दाखवलेला झिजलेला पॅडही माझ्या गाडीचा नव्हता. तो मी टेबलावर ठेवायला मागून घेतला होता. काकांनी स्विफ्टचा पॅड शेजारी ठेवला, तर आकारच वेगळा. तो नमुना ते सॅकमध्ये घेऊन फिरत असणार. माझे चांगले पॅड ते घेऊन गेले आणि जे बसवले त्यांच्या खोक्यावर एमआरपी नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही, महिना-वर्ष नाही. बंद पाकिटातल्या मालावर ही माहिती छापणं कायद्याने बंधनकारक आहे. नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानातून घ्या किंवा शोरूममधून, खोकं हातात घेऊन हे वाचल्याशिवाय पॅड बसवू देऊ नका.

रंगाचा रिकामा डबा सोसायटीच्या कचऱ्यात सापडला, सफाईवाल्या मावशींनी तो बाजूला ठेवला होता. वरचं लेबल नखाने सोललं, तर खाली साध्या ॲक्रिलिक स्प्रे पेंटचं लेबल निघालं. ग्रिल, खिडक्या, सायकली रंगवायचा रंग. घाटात सतत ब्रेक दाबले की कॅलिपर शंभर-दीडशे अंशांच्या वर सहज जातो, तिथे हा रंग टिकत नाही. खास कॅलिपरसाठीच्या पेंटवर २५० अंश किंवा त्याहून जास्त तापमान सोसण्याची क्षमता छापलेली असते.

नीट काम कसं होतं तेही काकांकडून समजून घेतलं. गाडी सपाट जागी, स्टँडवर, उरलेली चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना ठोकळे लावलेले. चाक काढून कॅलिपर तारेच्या ब्रशने, पॉलिश पेपरने घासायचा, पण रबरी भागांना ब्रश लावायचा नाही. मग ब्रेक क्लीनरने धुवायचा, पेट्रोल किंवा रॉकेलने नाही. डिस्क, पॅड, रबरी बूट, निपल, पॅडच्या खाचा हे सगळं टेपने झाकायचं. रंगाचे पातळ हात, प्रत्येक हातानंतर डब्यावर लिहिलंय तेवढं वाळवणं. निघण्याआधी ब्रेकचं पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून बघायचं. घरी स्वतः करणाऱ्याचाही यात अख्खा दिवस जातो. तासाभरात चार चाकं उरकणारा माणूस टेप लावतच नाही, आणि ब्रेकचं वाटोळं तिथेच होतं.

फोन केला तर पहिल्यांदा उत्तर मिळालं, "वॉरंटीत घाट येत नाही." पुण्यातून बाहेर पडायचं म्हणजे कात्रज, खंबाटकी, ताम्हिणी, कुठला ना कुठला घाट लागतोच! मग नंबर ब्लॉक झाला. बिलावरच्या पत्त्यावर शिवण्यात पिठाची गिरणी निघाली, त्या बिचाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. बिलावरचा जीएसटी क्रमांक १४ अक्षरांचा आहे, खरा १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो मिनिटभरात तपासता येतो. नोंदणीच नसलेल्याला ग्राहकाकडून जीएसटी घेण्याचा अधिकार नाही.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, आणि पोलीस चौकीत लेखी अर्ज दिला आहे. फसवणुकीचं जुनं कलम ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ मध्ये आलं आहे. अर्जाला डबा, झिजलेला पॅड, खोकं, बिल आणि यूपीआयची पावती यांचे फोटो जोडले आहेत. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही, घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, आणि आपण राहतो तिथल्या आयोगात ती चालते. माझी अडचण एवढीच की समोरच्याचा खरा पत्ता नाही. तो यूपीआय आयडी कोणाच्या खात्याला जोडला आहे ते पोलिसांनी बँकेकडून मागवावं, असं मी अर्जात लिहिलं आहे.

कोणी यांच्याकडून काम करून घेतलं असेल तर गाडी घाटात नेण्याआधी पुढची दोन्ही चाकं काढून पॅड खाचेत मोकळे सरकतात का, ते आधी बघून घ्या. खरवडून टाकण्याआधी रंगाचे फोटो काढा, बिल आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपा, आणि मला कळवा. एकाच माणसाने फसवलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि वेगवेगळ्या तारखांची बिलं एकत्र आली तर त्यांचा माग काढणं पोलिसांनाही सोपं जाईल.