कॉफी मशीनच्या नावाखाली माझे 22,550 रुपये गेले, गोव्यातल्यांनी सावध राहा

हे लिहायला दोन महिने लागले. लाज वाटत होती. मी पणजीत एका ऑफिसात हिशेब बघते, दिवसभर जीएसटीची बिलं माझ्या हाताखालून जातात, आणि मला गंडवलं ते बिल हातात देऊनच.

चतुर्थीच्या आधी फोंड्यात एका हॉलमध्ये प्रदर्शन लागलं होतं. माटोळीचं सामान घ्यायला बाजारात गेले होते, येताना आत डोकावले. कोपऱ्यात कॉफीचा स्टॉल होता. ‘ताई, म्हापशाला आमचं दुकान आहे, हे नुसतं दाखवायला आणलंय,’ असं म्हणत त्या मुलाने मशीनवर एस्प्रेसो काढून दिली. कॉफी खरंच सुरेख होती. त्या एका कपावर मी भुलले.

आधी 1,600 रुपयांना किलोभर दाणे घेतले, ‘चिकमगळूरची पीबेरी’ म्हणून. पाकिटावर भाजल्याची तारीख नव्हती, नुसती ‘बेस्ट बिफोर’. भाजल्याची तारीख नसेल तर पाकीट हातातसुद्धा घेऊ नका. घरी फोडलं तर दाणे काळेकुट्ट, तेलकट, एका बाजूने सपाट आणि मधली रेघ सरळ. पीबेरीच्या फळात एकच बी असते, म्हणून ती सगळीकडून गोल होते, तिला सपाट बाजू नसते. हा साधा रोबस्टा जातीचा दाणा होता, अरेबिका या दुसऱ्या जातीच्या दाण्याची रेघ वळणदार असते. हे मला नंतर कळलं.

त्याच वेळी स्टॉलवर मशीन आणि दाणे दळायचा ग्राइंडरही ठरवला: मशीन 13,500, ग्राइंडर 6,800. अर्धे, म्हणजे 10,150, तिथेच यूपीआयने दिले. त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर बिल आलं. मी नेवऱ्या तळत होते, हात पिठाचे, बारीक अक्षरं, बिल उघडलं आणि मिटलं. वरती पत्ता म्हापसा, गोवा. खाली जीएसटी नंबर 29 ने सुरू होणारा. गोव्याचा कोड 30, 29 कर्नाटकाचा. आणि नंबरात अक्षरं-आकडे मिळून 14 च होते, असावे लागतात 15. रोज शेकडो वेळा जे टाइप करते तेच मला दिसलं नाही. तेव्हा उरलेले पैसे माझ्या खात्यातच होते हो! घरात सण, पाहुणे, सासूबाईंचं पथ्य, अशा वेळी कोण बिलाचे आकडे मोजत बसतं? तरीही ते बिल आठवलं की अजून झोप उडते.

चार दिवसांनी माझं नाव लिहिलेल्या खोक्यांचा व्हिडिओ आला. ‘बाकी टाका, 650 पॅकिंगचे, गाडी निघालीच.’ मी 10,800 टाकले. वस्तू दारात येण्याआधी बाकी देऊ नका, खोक्याचा व्हिडिओ हा काही पुरावा नव्हे. दुसऱ्या दिवशी एकच खोकं आलं. त्यात मिक्सरसारखं पातं असलेला ग्राइंडर. मी पैसे मोजले होते बर ग्राइंडरचे, ज्यात दाणा दोन खाचेदार भागांमध्ये एकसारखा भरडला जातो. पात्याने निम्मं पीठ होतं, निम्मा भरडा राहतो, एस्प्रेसोला तो कामाचा नाही. मशीन आलंच नाही. फोन बंद.

मी तीन दिवस वाट बघितली, ही दुसरी चूक. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन करा, पैसे पुढे सरकले की हाती काही लागत नाही. पोलीस ठाण्यात मला दीड तास बाकावर बसवलं आणि विचारलं, ‘मॅडम, वस्तू मिळाली ना? मग हा दिवाणी मामला.’ कुठली वस्तू? पात्याचा डबा? चुकीची वस्तू पाठवणं हाच यांचा डाव आहे, म्हणजे ‘काहीच आलं नाही’ असं आपल्याला म्हणता येत नाही. हे पोलिसांना मी समजावायचं? बँकेत म्हणाले, ‘पिन तुम्हीच टाकलात.’ ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही म्हणून धावले, तर समोरच्याचा पत्ता हवा. त्या पत्त्यावर म्हापशात जाऊन आले, तिथे शिंप्याचं दुकान. प्रदर्शनवाला म्हणतो, आम्ही फक्त टेबल भाड्याने देतो. मग दाद मागायची कोणाकडे?

जीएसटी नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो, दोन मिनिटं लागतात. पैसे देण्याआधी तपासा, स्टॉलवर उभ्या उभ्या.

गेल्या रविवारी मैत्रिणीला वास्कोच्या एका प्रदर्शनात तसाच स्टॉल दिसला. तोच घमघमाट, तीच ‘म्हापशाच्या दुकाना’ची गोष्ट. ती फोटो काढायला लागली तर त्याने टेबलावर कापड ओढलं. कोणी गेलात तर फोटो मला पाठवा, तो घेऊन मी पुन्हा ठाण्यात जाणार आहे.